डोकेदुखीवरची इंजेक्शनं शिकताना : नव्या डॉक्टरांसाठी

क्रॉनिक, म्हणजे जुनाट मायग्रेनसाठी बोट्युलिनम टॉक्सिन (सुरकुत्यांसाठी वापरतात तेच) देताना एका बैठकीत ३१ ठिकाणी सुई टोचायची असते. हात बसलेला असेल तर काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. शेजारी उभं राहून बघणाऱ्या नव्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर तेव्हा हमखास एकच भाव दिसतो : एवढंच? बाहेर पडताना प्रश्नही ठरलेला. "मॅडम, शनिवार-रविवारच्या वर्कशॉपमध्ये शिकून होईल ना हे?"

टोचणं शिकून होईल. अडचण वेगळीच आहे. आपलं इंजेक्शन बरोबर पडलं का, हे या विषयात पेशंटच्या बरं वाटण्यावरून कळत नाही. टॉक्सिनला मान्यता मिळाली ती प्रीएम्प्ट नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांमुळे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचण्यांच्या एकत्रित आकड्यांत २४ आठवड्यांनी टॉक्सिन घेतलेल्यांचे महिन्यातले डोकेदुखीचे दिवस सरासरी ८.४ने कमी झाले, आणि नुसतं सलाईन टोचलेल्यांचे ६.६ने. म्हणजे रिकामी सुईसुद्धा पुष्कळ बरं करते. तुमचे पहिले दहा पेशंट हसत परत आले, तर त्यात तुमच्या हाताचा वाटा किती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. त्यामुळे शिकताना स्वतःला तपासायचे दुसरे मार्ग लागतात. न्यूरॉलॉजी, भूलशास्त्र, पेन मेडिसिन किंवा फॅमिली प्रॅक्टिस, कुठूनही या वाटेला येणार असाल, तर मी खालच्या क्रमाने जायला सांगते.

सुरुवात निदानापासून

पहिला महिनाभर सुईला हात लावू नका. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या डोकेदुखी-वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ साली आली. ती टेबलावर ठेवा आणि फक्त हिस्टरी घ्या. टॉक्सिनचा उपयोग सिद्ध झालाय तो क्रॉनिक मायग्रेनमध्ये. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेलं. महिन्यातून चारदा डोकं धरणाऱ्याला किंवा नुसत्या ताणाच्या डोकेदुखीला ही ३१ टोचणी देण्यात अर्थ नाही.

आता हे १५ दिवस मोजायचे कसे? सरळ विचारून बघा.

"महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?"

"सहा-सात दिवस असेल."

हेच पुन्हा, उलट्या बाजूने विचारा. "डोकं अगदी स्वच्छ, हलकं आहे, काहीच नाही, असे महिन्यातून किती दिवस जातात?"

इथे पेशंट थांबतो. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतो. "तसं म्हटलं तर... दोन-तीन असतील. बाकी रोज थोडंफार असतंच की. पण ते काय, त्याचं काय सांगायचं!"

पहिल्या उत्तरावर तुम्ही एपिसोडिक, म्हणजे अधूनमधून येणारं मायग्रेन लिहून मोकळे झाला असता. आडवं करणाऱ्या दिवसांनाच माणसं दुखण्याचे दिवस म्हणतात. हा एक उलटा प्रश्न शिकायला मला जितका वेळ लागला, तितका कुठलीही प्रोसिजर शिकायला लागला नाही.

पुढचा प्रश्न गोळ्यांचा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस, किंवा ट्रिप्टान, अर्गोट (दोन्ही मायग्रेनच्या खास गोळ्या), ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं), मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी धरावी लागते. टॉक्सिन अशांनाही देता येतं, पण गोळ्यांचा विषय न काढता नुसती सुई टोचली तर अर्धं काम राहून जातं. किमान एक महिन्याची डायरी हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका.

धोक्याच्या खुणा तुम्हाला माहीत असणारच : अचानक कडाडून आलेलं दुखणं, ताप, खोकल्यावर वाढणारं डोकं, डोळ्याच्या पडद्याला सूज, जुना कॅन्सर. त्यातली एक या विषयात जास्त घात करते. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं दुखणं, कानशिलाला हात लावला की कळ, आणि चावताना जबडा भरून येणं. हा जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे धमन्यांना येणारी सूज, असू शकतो आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. अशा माणसाला आधी ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि उपचार. ब्लॉकच्या, म्हणजे नर्व्ह बधिर करायच्या इंजेक्शनच्या, रांगेत त्याला बसवायचं नाही.

मग बोटांचा अभ्यास

पुस्तकातलं डोकं आणि माणसाचं डोकं यात केसांचा, चरबीचा आणि कवटीच्या आकाराचा फरक असतो. म्हणून सुईआधी बोटं तयार करा. स्वतःचं डोकं फुकट उपलब्ध आहे, तिथूनच सुरू करा.

दात आवळा आणि कानशिलावर बोटं ठेवा. जे फुगतं ते टेम्पोरॅलिस. ते वाटतं त्यापेक्षा मागे, कानाच्याही वरपर्यंत पसरलेलं असतं. भुवया वर चढवा, फ्रंटॅलिस. आठ्या घाला, भुवईच्या आतल्या टोकाशी कॉरुगेटर आणि नाकाच्या मुळाशी प्रोसेरस. आता डोक्याच्या मागे मधोमध हाडाचा उंचवटा चाचपा, हा इनियन. कानामागचं टणक हाड म्हणजे मॅस्टॉइड. या दोन खुणा डोळे मिटून सापडायला हव्यात, कारण मागची बहुतेक सगळी मोजमापं तिथूनच निघतात. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेचे तीन भाग करा. इनियनकडचा पहिला तिसरा भाग संपतो तिथे हलकं बोट टेकवलं तर बऱ्याच जणांत ऑक्सिपिटल धमनीचा ठोका लागतो. ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना नेणारी मोठी नर्व्ह, त्या धमनीच्या किंचित आतल्या बाजूला असते.

नंतर किमान वीस-पंचवीस सहकाऱ्यांची डोकी अशीच चाचपा. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण पाच डोक्यांवर भागत नाही हे नक्की. लांब मान, आखूड मान, दाट केस, टक्कल, सपाट इनियन, सगळं हाताखालून जाऊ द्या.

मान सुन्न केली तर कपाळ का हलकं होतं, हेही इथेच समजून घ्या, पेशंट विचारणारच. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणारे संदेश आणि कपाळाकडून ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या नर्व्हमार्फत येणारे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. मागच्या वाटेने येणारी गर्दी कमी केली की पुढचंही शांत होतं.

पहिली प्रोसिजर : ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉक

पुष्कळ जणांना थेट टॉक्सिनपासून सुरुवात करायची असते. माझा त्याला विरोध आहे. ऑक्सिपिटल ब्लॉक आधी शिका, कारण तो लगेच खरं-खोटं करतो. नर्व्ह सापडली असेल तर काही मिनिटांत त्या बाजूचं डोकं मागून पार टाळूपर्यंत बधिर होतं. नसेल सापडली तर होत नाही. दुखणं कमी झालं का, हे विचारण्याआधी कापूस आणि टूथपिक घेऊन दोन्ही बाजू तपासा आणि बधिरपणा कुठवर आला ते लिहा. शिकणाऱ्याला इतकी स्वच्छ परीक्षा या विषयात दुसरीकडे मिळत नाही.

पेशंटला खुर्चीवर बसवून समोरच्या टेबलावर हात दुमडून त्यावर कपाळ टेकायला सांगा. धमनी बोटाने शोधा. केस बाजूला करून जागा स्वच्छ पुसा. बारीक सुई हाडाला टेकेपर्यंत न्या, जराशी मागे घ्या, पिस्टन ओढून रक्त येत नाही ना बघा, मग औषध सोडा : थोडं मध्ये, थोडं आत, थोडं बाहेर, पंख्यासारखं. १ ते २ टक्के लिडोकेन किंवा ०.२५ ते ०.५ टक्के ब्युपिव्हकेन, एका बाजूला साधारण २ ते ३ मिलि. नंतर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ.

डोसाचं गणित पाठ असू द्या. २ टक्के म्हणजे एका मिलिमध्ये २० मिग्रॅ. दोन्ही बाजूंना २-२ मिलि दिलं तर ८० मिग्रॅ. साध्या लिडोकेनची मर्यादा किलोमागे ४.५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २७०. मर्यादेच्या आपण खूप आत असतो, पण तेच औषध थेट धमनीत गेलं तर ही मर्यादा कामाला येत नाही. कानात आवाज, तोंडात धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, यांपैकी काहीही पेशंट बोलला की हात थांबवा. पुढची पायरी फिट आणि हृदयाचे ठोके बिघडणं. यावरचा उतारा म्हणून शिरेतून द्यायचं २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन खोलीत हवं आणि त्याचा पहिला डोस, किलोमागे १.५ मिलि, भिंतीवर लिहिलेला हवा. वीस वर्षं लागणार नाही कदाचित. एकविसाव्या वर्षी शोधत बसायचं नाही.

रोजच्या रोज दिसतं ते मात्र साधं घेरी येणं. सुई पाहून तरुण, धडधाकट माणसंच जास्त कोसळतात. आडवं करायची सोय हाताशी ठेवा.

स्टेरॉइड घालायचं का? क्लस्टर डोकेदुखीत (एका डोळ्याभोवती झटक्यांनी येणारं तीव्र दुखणं) त्याचा फायदा चाचण्यांत दिसलाय. मायग्रेनमध्ये नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टेरॉइडने जास्त फरक पडल्याचं दिसलेलं नाही. ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडने मात्र त्या जागचे केस गळून कातडी पातळ पडल्याची उदाहरणं आहेत. मायग्रेनसाठी मी घालत नाही. गरोदर बाईला ब्लॉक द्यायची वेळ आली तर लिडोकेन निवडतात, स्टेरॉइड टाळतात.

आणि एक प्रश्न दर वेळी, न विसरता : "डोक्याचं ऑपरेशन झालंय का कधी?" मागच्या बाजूला कवटीचं हाड काढलेलं असेल तर ब्लॉक नको. औषध थेट आत पोचू शकतं.

बोट्युलिनम टॉक्सिन

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या विल्यम बाइंडर या सर्जनच्या लक्षात आलं की सुरकुत्यांसाठी टॉक्सिन घेणाऱ्यांचा मायग्रेनही कमी होतोय. म्हणून बरीच वर्षं समज होता की स्नायू सैल पडतात, म्हणून डोकं थांबतं. आजची समज वेगळी आहे. टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकातलं स्नॅप-२५ हे प्रथिन कापतं आणि सीजीआरपीसारखी वेदना पेटवणारी रसायनं तिथून बाहेर पडू देत नाही. स्नायू तुम्हाला फक्त जागा दाखवतात. म्हणून सौंदर्योपचारात हात मुरलेल्या डॉक्टरांनाही हे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. जागा वेगळ्या, खोली वेगळी आणि हेतू तर वेगळाच.

ठरलेला डोस १५५ युनिट, सात स्नायूंत मिळून ३१ जागा, प्रत्येक जागी ५ युनिट. कॉरुगेटर १०, प्रोसेरस ५, फ्रंटॅलिस २०, टेम्पोरॅलिस ४०, डोक्यामागचा ऑक्सिपिटॅलिस ३०, मानेचे कण्यालगतचे पॅरास्पायनल २०, मान-खांद्याचा ट्रॅपेझियस ३०. दुखणं जिथे जास्त तिथे टेम्पोरॅलिस, ऑक्सिपिटॅलिस आणि ट्रॅपेझियसमध्ये वाढवून १९५ पर्यंत जाता येतं. पहिल्या काही बैठकांत वाढवू नका, ठरलेलंच नीट द्या. हे सगळे आकडे ओनाबोट्युलिनम टॉक्सिन ए याचे आहेत. दुसऱ्या कंपनीच्या टॉक्सिनचं युनिट म्हणजे हेच युनिट नव्हे, आणि त्याला गुणून-भागून रूपांतर करायचा उद्योग करू नये.

व्हायल तयार करणं हे अर्ध्या तासात शिकायचं काम, पण शिकायचं. १०० युनिटला २ मिलि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाईन, म्हणजे ०.१ मिलिमध्ये ५ युनिट. सुई टोचताच व्हायल सलाईन स्वतःहून आत ओढून घेते. तिने ओढलं नाही तर आतली पोकळी गेलेली आहे, ती व्हायल टाकून द्या. हलवायची तर हलकेच फिरवून, खळाखळा नको. तयार औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि २४ तासांत वापरायचं.

क्रम कपाळाकडून मागे. पुढच्या जागांसाठी पेशंट आडवा, मागच्यांसाठी बसलेला. ३० गेजची अर्ध्या इंचाची सुई. हाडाला टेकली की ती बोथट होते आणि पुढची प्रत्येक टोचणी जास्त दुखते, तेव्हा मध्येच सुई बदलायला कंजुषी करू नका.

घोळ होतात ते तीन-चार ठरलेल्या ठिकाणी. पहिलं कॉरुगेटर. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर वर, सुईचं तोंड वरच्या दिशेला. तिथून खाली उतरलात की औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक बाई दहा दिवसांनी परत आल्या. "डॉक्टर, डोकं उतरलंय हो, पण हा डोळा निम्माच उघडतो." कपाळ अरुंद होतं आणि मी नजरेच्या अंदाजाने टोचलं होतं. काही आठवड्यांत पापणी आपोआप वर आली. तोवर ॲप्राक्लोनिडिनचे थेंब दिले, त्याने पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलली जाते. पण त्या आठवड्यांत त्यांच्या मुलीचं लग्न होतं. तेव्हापासून मी कपाळावर पट्टी लावून खूण करते, आजही.

फ्रंटॅलिसच्या चारही जागा कपाळाच्या वरच्या तिसऱ्या भागात. खाली दिल्या की भुवया जड होऊन खाली बसतात, आणि बाहेरचा भाग सुटला तर भुवईचं टोक खलनायकासारखं वर चढतं. टोचण्याआधी पेशंटला समोर बसवून भुवया नीट बघा. एखाद्याची पापणी आधीच जड असते आणि तो नकळत कपाळाच्या जोरावर ती उचलून धरतो. त्याचं कपाळ सैल केलं की पापणी पडणार, आणि खापर तुमच्यावर. आधी फोटो काढून ठेवा.

मानेत उलटी चूक होते. पॅरास्पायनलची पहिली जागा इनियनच्या साधारण ३ सेंटिमीटर खाली आणि मध्यरेषेपासून १ सेंटिमीटर बाजूला, दुसरी तिथून तिरकी वर. म्हणजे बरीच उंच, जवळजवळ केसांत. "मान दुखते" म्हणून खाली खाली टोचत गेलात की बारीक मानेच्या बाईला दोन आठवड्यांनी डोकं सावरून धरता येत नाही. ट्रॅपेझियसमध्ये सुई आडवी, वरवर ठेवा, खाली फुप्फुसाचं टोक आहे.

मायस्थेनियासारखे स्नायू दुबळे करणारे आजार, टोचायच्या जागी संसर्ग, चालू असलेली ॲमिनोग्लायकोसाइड अँटिबायोटिक, गरोदरपण, हे प्रश्न छापील कागदावर ठेवा. तोंडी आठवणीवर विसंबू नका.

बाकीच्या प्रोसिजर

सुप्राऑर्बिटल (भुवईवरचा) आणि ऑरिक्युलोटेम्पोरल (कानापुढचा) ब्लॉक हे ऑक्सिपिटल जमल्यावर पटकन येतात. ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठीच्या, इंजेक्शनांत नेमका बिंदू बोटाला लागणं एवढंच कौशल्य, पण तेच पुष्कळ. नाकामागच्या मज्जातंतूंच्या गाठीसाठी नाकावाटे दिला जाणारा स्फेनोपॅलाटाइन ब्लॉक सुईशिवाय होतो, म्हणून सोपा वाटतो. औषध मधल्या टर्बिनेटच्या (नाकातल्या हाडाच्या घडीच्या) मागे पोचलं की घशात उतरलं, हे पाहायला शिकवणारा माणूस लागतो. रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेने नर्व्ह निकामी करणं), नर्व्हला विजेचे झटके देणारा स्टिम्युलेटर बसवणं वगैरे पेन मेडिसिनच्या पूर्ण प्रशिक्षणाचा भाग आहे, वर्कशॉपमधून तिकडे वळू नका.

शिकायचं कुठे

ज्यांना हाच विषय करायचा आहे त्यांनी हेडेक मेडिसिनची पूर्णवेळ फेलोशिप बघावी, ती साधारण वर्षभराची असते. बाकीच्यांसाठी व्यावसायिक संघटनांची प्रोसिजर वर्कशॉप असतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. मी स्वतः टोचणार आहे, की फक्त बघणार आहे? माझ्या हाताशेजारी शिकवणारा उभा असेल का, आणि एकाला किती शिकाऊ? नंतर पहिल्या काही पेशंटच्या वेळी विचारायला कुणी उपलब्ध आहे का? ज्या कोर्सचा खर्च औषध कंपनी करते, तिथे तंत्र उत्तम शिकवतात, हे मान्य. पण औषध कुणाला देऊ नये, हा तास तिथे सहसा आखूड असतो. तो वेगळा भरून काढा.

क्रम असा ठेवा : आधी बघणं, मग मॉडेल किंवा शवावर खुणा करणं, मग देखरेखीखाली एक-एक स्नायू, मग पूर्ण बैठक. ३१ जागा पहिल्याच दिवशी एकट्याने करायचा हट्ट नको. पहिले काही दिवस फक्त मागच्या जागा तुमच्या, कपाळ शिकवणाऱ्याचं.

नोंदवही

टॉक्सिन दर १२ आठवड्यांनी द्यायचं असतं आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय निकाल लावायचा नसतो. हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर चौथ्या आठवड्यात तो दुसरा डॉक्टर शोधतो. दहाव्या-अकराव्या आठवड्यात असर उतरल्यासारखा वाटतो, तेही सांगून ठेवा.

शिकाऊ डॉक्टरने स्वतःसाठी वेगळी वही ठेवावी. प्रत्येक पेशंटची एक ओळ : आधीच्या महिन्यातले डोकेदुखीचे दिवस, गोळ्यांचे दिवस, कुठली जागा किती युनिट, लॉट नंबर, ब्लॉक असेल तर बधिरपणा कुठवर आला. शेवटचे दोन रकाने कोरे ठेवा. एक दोन आठवड्यांनी फोन करून भरायचा : पापणी, भुवई, मान. दुसरा बाराव्या आठवड्यात, पेशंटची डायरी समोर ठेवून, तो तोंडी काय म्हणतो ते ऐकण्याआधी.